यादीतून काढलेलं नाव

“वाळू कशाला हवी म्हणे! आता काय सांगू यांना?”

मेसा शहराच्या वाचनालयात रेनाटा कॉम्प्युटरवर खेकसली. शेजारी स्कॅनरपाशी उभा असलेला उंच माणूस हसला... आवरता आलं नाही त्याला.

“अर्ज परत आला वाटतं?”

“तिसऱ्यांदा! माझी मुलगी वाळूत बोटानं गिरवलं तरच अक्षर लक्षात ठेवते. सरकारकडे एक पोतं मागितलं, तर विचारतात, याचा शिक्षणाशी संबंध काय?”

“पोतं लिहिलंत? त्यांना वाटलं असेल, अंगण बांधून घेताय.”

“तुम्हाला फार कळतं!”

“थोडंफार. अक्षरं ज्यांच्या डोळ्यांपुढे उड्या मारतात, अशाच मुलांना मी शिकवतो. अभ्यासक्रमाचं पान जोडा आणि लिहा — स्पर्शाने अक्षरओळख. बघा, मुकाट्याने मंजूर करतात की नाही.”

मंजूर झालं. आणि रेनाटाला, का कोण जाणे, वाळूपेक्षा त्या माणसाचंच नाव जास्त लक्षात राहिलं. एमेट.

नऊ वर्षांची इनेस शाळेत कायम मागच्या बाकावर. तिसरीत गेली तरी साधी ओळ वाचता येईना. शेवटी रेनाटाने सरकारी करारावर सही करून तिला शाळेतून काढलं. आता इनेसच्या वाट्याचे पैसे राज्य सरकार एका खात्यात भरणार आणि त्यातून आईनेच शिकवणी, पुस्तकं बघायची. इनेसचा बाप केव्हाच नेवाडात पसार झालेला, त्यामुळे विचारायचं कुणाला? पार्लरमध्ये रेनाटा केस कापत असताना बायका म्हणायच्या, “धाडसच आहे बाई तुझं!” आणि रेनाटाची आई रोज बजावायची, “ऑगस्टमध्ये शाळा उघडेपर्यंत पोरगी वाचायला लागली नाही, तर गुपचूप शाळेत परत घाल.”

म्हणून एमेट मंगळवारी आणि गुरुवारी इनेसला शिकवायला येऊ लागला. मागच्या बागेत संत्र्याला फुलं आली होती, सगळं घर घमघमत असायचं. तास पाचला संपायचा. एमेट मात्र साडेसहापर्यंत कॉफीचा कप हातात धरून बसायचा. रिकामा कप, बरं का!

एकदा रेनाटाला राहवेना.

“केस किती वाढलेत तुमचे! बसा इथे.”

“आत्ता?”

“घाबरता का कात्रीला?”

“कात्रीला नाही...”

ती मागे उभी राहिली. त्याच्या मानेवर बोटं टेकली मात्र, कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या त्याच्या. तिने वाकून त्या नीट पाहून घेतल्या आणि मनापासून खूश झाली.

“हलू नकोस,” ती म्हणाली. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, तिलाही कळलं नाही.

मे महिन्यात इनेसने अख्खं पान वाचलं. अडखळत, घाम पुसत, पण वाचलं! आजी ढसाढसा रडली. आणि दोनच दिवसांनी, मंगळवारी दुपारी, महिन्याच्या शिकवणीचे पैसे द्यायला रेनाटाने खातं उघडलं, तर समोर लिहिलेलं: या शिक्षकाने विद्यार्थिनीच्या शिक्षकांच्या यादीतून आपलं नाव काढून घेतलं आहे.

पोरगी आत्ता कुठे वाचायला लागली आणि हा चालला? एका शब्दाने न सांगता? पार्लरचा अ‍ॅप्रन तसाच अंगावर ठेवून ती तडक त्याच्या दारात गेली.

“जायचं होतं तर तोंडाने सांगायचं! इनेसला काय सांगू मी? आणि मला... माझं काय?”

एमेट दारातल्या पायरीवरच बसला होता, तो ताडकन उठला. “जातोय कुठे मी? अगं, नियम आहे ना! घरच्या माणसाला त्या खात्यातून शिकवणीचे पैसे देता येत नाहीत.”

“तू कुठे घरचा आहेस?”

“नाही. तेच... तेच तर विचारायचं होतं.”

रेनाटाने कमरेवर हात ठेवले. “मग आधी विचारायचं की आधी नाव काढायचं?”

“माझ्या एका मित्राने विद्यार्थ्याच्या आईशी लग्न केलं आणि नाव काढायला विसरला. चार महिने त्या पोराचं खातं बंद! इनेसच्या बाबतीत एक दिवसही तसं व्हायला नको. नाव काढायला पाच मिनिटं लागली. तुला विचारायला मात्र आठवडाभर धीर होत नव्हता.”

“आणि मी नाही म्हटलं असतं तर?”

“तर फुकट शिकवलं असतं. मंगळवार-गुरुवार सोडायची माझी तयारी नाही, रेनाटा. तुझ्यावर प्रेम आहे माझं.”

तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. वेडा कुठला!

“नाव काढायचं कारण काय कळवलंस त्यांना?”

त्याने ओशाळून फोन पुढे केला. लिहिलं होतं: शिक्षक लवकरच विद्यार्थिनीच्या कुटुंबात येण्याची शक्यता आहे.

“शक्यता?”

“सरकारला खोटं कसं कळवू?”

रेनाटा त्याच्या शेजारी पायरीवर टेकली, अगदी खांद्याला खांदा लावून.

“पुन्हा कळव त्यांना,” ती म्हणाली. “शक्यता काढून टाक.”