ओल्या कापडाचं कोडं

"एकही नाही! मैदान आरशासारखं स्वच्छ आहे!" शिबिराच्या व्यवस्थापककाकांनी पांढरं कापड मावशीच्या प्रयोगशाळेच्या कठड्यावर टाकलं. "तुझ्या मावशीला सांग, गोचीडबिचीड काही नाही!"

आणि ते आले तसे गेलेसुद्धा!

"नाही म्हणजे बरंच झालं की!" टकळी म्हणाली.

"बरं कसलं?" मास्तरीण जवळजवळ ओरडलीच. "मग गोटूला ताप कशाचा?"

मास्तरीण तेरा वर्षांची. सतत सगळ्यांना शिकवत असते म्हणून मावसभावाने, म्हणजे चष्मिषने, तिला हे नाव दिलेलं. टकळी शेजारची. आणि गोटू मास्तरणीचा धाकटा भाऊ. तीन दिवस तो दवाखान्यात तापाने फणफणला होता. आईबाबा अजून प्रवासातच होते.

मावशी गोचिडींचा अभ्यास करायची. कुठल्या गोचिडीच्या पोटात तापाच्या आजाराचे जिवाणू असतात, हे ती शोधायची. गोटू शिबिराच्या मैदानात खेळला होता, हे तिनेच डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, "तिथे गोचिडी निघाल्या, तर रक्ताच्या अहवालासाठी थांबणार नाही. औषध लगेच सुरू करतो." गोटूला सोडून मावशीला हलता येईना, म्हणून तिने गवतावरून पांढरं कापड फिरवून गोचिडी शोधायचं काम फोनवरून व्यवस्थापककाकांना सांगितलं होतं.

मास्तरणीने घडी करायला कापड उचललं आणि ती थबकली.

"हे ओलं कसं?"

"काकांनी धुतलं असेल," चष्मिष म्हणाला.

"धुतलेल्या कापडाला गवताच्या काड्या असतात का रे, शहाण्या?"

तिघांनी खिडकीतून पाहिलं. मैदानावर पाण्याचे फवारे गरगर फिरत होते!

"फवाऱ्यांत कापड फिरवलं!" मास्तरणीने कपाळावर हात मारला. "गोचीड उडत नाही, उड्या मारत नाही. गवताच्या टोकाला पाय पसरून बसते आणि कुणी घासून गेलं की चिकटते. पण चिंब कापडाला ती धरत नाही! पाऊस पडला की मावशी कापड बाहेरसुद्धा काढत नाही!"

"मग काकांना सांगू या?" टकळीने विचारलं.

"सांगून बघ! 'मोठ्यांना शिकवू नका' म्हणतील."

बाजूच्या कुंपणाजवळच्या झुडपांपर्यंत फवारे पोचत नव्हते. गोटू लपायला तिथेच शिरला होता. पण फाटकात काका उभे!

"काका माझ्यावर सोडा," टकळी म्हणाली.

मास्तरणीने कपाटातून कोरडं कापड काढलं. तिने आणि चष्मिषने विजारीचे पाय मोज्यांत खोचले. "मोजे आणखी वर! पाय उघडा दिसला तर घरी पाठवीन!" तिने त्याला दटावलं.

फाटकात टकळी काकांना गुलाबांबद्दल विचारत होती. खत कुठलं, छाटणी कधी, बक्षीस किती! काका फुलून सांगत होते, आणि त्यांच्या पाठीमागून कापड सावकाश झुडपांजवळच्या कोरड्या गवतावरून सरकत होतं.

एक फेरी. काहीच नाही. आपण चुकलो तर? उशीर झाला तर?

"थांब!" चष्मिष कुजबुजला. "हा तीळ चालतोय!"

तीळ नव्हताच तो, गोचीड होती! आणखी एक निघाली, मग तिसरी! मास्तरणीने चिमट्याने त्या कुपीत टाकल्या आणि बूच घट्ट लावलं.

"ए! कोण रे तिकडे?" काका गरजले.

"काका, मैदान स्वच्छ नाहीये!" मास्तरणीने कुपी उंच धरली. "उद्या इथे लहान मुलं येणार आहेत!"

काका आत वळवळणाऱ्या ठिपक्यांकडे बघतच राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... घाईत होतो गं," ते पुटपुटले. "चला, गाडी काढतो!"

गाडीत बसण्याआधी मास्तरणीने चष्मिषचे आणि टकळीचे कान, मान आणि केस तपासले. स्वतःचे टकळीकडून तपासून घेतले!

दवाखान्यात मावशीने भिंगातून पाहिलं आणि डॉक्टरांकडे मान वळवली. "आजार पसरवणारी हीच ती जात. हिच्यात जिवाणू आहेत का, ते तपासायला दिवस लागतील."

"गोटूला तेवढा वेळ नाही," डॉक्टर म्हणाले. "औषध आत्ताच!"

ती रात्र सरता सरेना. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे खाटेभोवती जमले. व्यवस्थापककाका दारातच उभे होते. शिबिर त्यांनी पुढे ढकललं होतं.

"मुलांनो," डॉक्टर म्हणाले, "काही सापडलं नाही म्हटलं की आम्ही मोठे तिथेच थांबतो. कसं शोधलं, हे तुम्ही विचारलंत. शाबास! मास्तरणीला तर माझा सलाम!"

पण मास्तरणीचं लक्षच नव्हतं. तिचा हात गोटूच्या कपाळावर होता. कपाळ गार होतं! आणि गोटू कुरकुरत होता, "हात काढ ना ताई, भूक लागलीय मला!"

टकळीने डॉक्टरांची बाही ओढली. "डॉक्टरकाका, परत म्हणा ना! हिने ऐकलंच नाही!"