फिक्कट गुलाबी बैठक

ताई भावाच्या इमारतीचा जिना चढली ती तोंडात एकच वाक्य धरून: "आईचे कपडे भर, मी तिला घेऊन चाललेय." नवऱ्याला तिने खाली गाडीतच बसवून ठेवलं होतं. तो मधे पडला की चांगल्या भांडणाचं वाटोळं करतो, हा संसारातला अनुभव.

रागाला कारण होतं. भावाने घर सजवायला काढलं आणि आईच्या खोलीची भिंत पाडून ती खोली बैठकीत घेतली. तेव्हापासून आई फोनवर येईना. "मजेत आहे," भाऊ म्हणे, "बोलत नाही इतकंच." बोलत नाही! चहा कोमट आला तर अख्ख्या घराला उभं करणारी बाई बोलत नाही? ताईने मामाला पाठवलं. मामा वकील, न्यायाधीशाशीही वरच्या पट्टीत बोलणारा. तिथून निघाल्यावर त्याचा फोन आला.

"अगं, रंग काय सुरेख लावलाय! फिक्कट गुलाबी. डोळ्यांना कसं गार वाटतं."

"मामा, आईचं काय?"

"आणि पडदेही त्याच रंगाचे."

मामाने आजवर पडदा वापरला होता तो फक्त हात पुसायला. ताईने फोन आपटला आणि गाडी काढायला लावली.

दार वहिनीने उघडलं. "या ना वन्सं, दारात काय उभ्या!"

"मी बसायला आले नाहीये."

"मग उभ्याने भांडा हो. पण आत येऊन."

आत भिंती, छत, सोफा, उशा, दिव्याची टोपी, सगळं गुलाबी होतं. इतकं फिक्कं, की रंग आहे की नुसती शंका, ते कळू नये. नव्या रंगाचा वास नव्हता. खरं तर कसलाच वास नव्हता. रस्त्यावरचे हॉर्न उंबऱ्यापाशीच थांबले होते.

भाऊ एक उशी थोपटत होता. "कुठे आहे आई?" ताई ओरडली. निदान ओरडायला तिने तोंड उघडलं. बाहेर पडला तो आवाज बाळाला निजवताना काढतात तसला. ती चपापली, संतापली, घसा खाकरून पुन्हा ओरडली. आवाज आणखीच गोड झाला.

"सोफ्यावर," भाऊ म्हणाला.

मघाशी सोफ्यावर कोणी नव्हतं, याची ताईला खात्री होती. आता कोपऱ्यात आई होती. कपडे त्याच रंगाचे, म्हणून दिसली नसेल. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मात्र कोणी पुट्टी भरून घासल्यासारख्या गेल्या होत्या. ज्या आठीला दोघं भावंडं जन्मभर घाबरली, तिथे कपाळ गुळगुळीत.

"आई, ऊठ. माझ्याकडे चल."

"छान आहे," आई म्हणाली.

"तुझी खोली पाडली या गाढवाने!"

"छान आहे."

ताईने तिचा हात धरला. तो उशीसारखा दबला, आणि दबलेलाच राहिला.

ताईने डोळे घट्ट मिटून घेतले. राग कुठे गेला? जिन्यात तर होता. ते वाक्य? आईचे कपडे... आईचे...

मिटलेल्या पापण्यांच्या आतही फिक्कट गुलाबी होतं.

खाली नवऱ्याने गाडीचं मागचं दार उघडून धरलं होतं. "एकटीच? आई कुठेय?"

ताई हसली. लग्न झाल्यापासून इतक्या मायेने ती त्याच्याकडे पाहून कधी हसली नव्हती.

"कोणाची?" तिने विचारलं.