उभ्या ट्रकचा वेग

मी राही. या पेजवर आजपर्यंत फक्त वाचत आले, लिहिलं कधीच नाही. आज लिहितेय ते जसं घडलं तसं. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्यावर. फक्त कमेंटमध्ये चेष्टा करू नका. यात एका माणसाचा जीव गेलाय, आणि त्याची बायको आजही आमच्यापासून फार लांब राहत नाही.

म्हणूनच हे सगळं जिथे घडलं त्या खिंडीचं नाव सांगणार नाही.

रेवस-अलिबाग रस्त्यावर आमचं गॅरेज आहे. माझे मिस्टर जीवन जुन्या ट्रकची कामं करतात. घरी मी त्यांना अहो म्हणते, पण इथे लिहायला सोपं म्हणून जीवन लिहिते. हत्यारं त्याच्याकडे, स्कॅनर माझ्याकडे. गाडीत बिघाड झाला की आतला कॉम्प्युटर एक कोड धरून ठेवतो. स्कॅनर लावला की तो कोड स्क्रीनवर दिसतो. मी वाचते, तो शोधतो. आमचं असंच चालतं.

मागच्या फेब्रुवारीत तुळशीरामकाकांचा ट्रक आला. जुनाच घेतलेला, नवीन रंग मारलेला. त्यांचा मुलगा अल्पेश त्यावर खडी वाहायचा.

"वहिनी, खिंडीत उतारावर गाडी मरते," अल्पेश म्हणाला. "इंजिनाची लाईट लागते, पिकअप जातो. गाडी नुसती सरपटते."

"कुठेही मरते?"

"न्हाय. एकाच वळणावर."

मी स्कॅनर लावला. कोड होता ब्रेकच्या स्विचचा. म्हणजे ब्रेक दाबलाय असं इंजिनाला वाटतं, आणि ते जोर कमी करतं. साधं काम. जीवनने स्विच बदलला, मी कोड पुसला.

काही दिवसांनी गाडी परत आली.

तोच कोड. तेच वळण.

"अल्पेश, पाय ब्रेकवर ठेवून चालवतोस का रे?" जीवनने विचारलं.

"आईशप्पथ न्हाय, दादा. पाय माझा खाली असतो."

या वेळी वायर बदलली. तरी कोड परत आला. मग मात्र जीवन हट्टाला पेटला. "गाडी ठेवून जा," म्हणाला. "सापडल्याशिवाय देत न्हाय."

तो मंगळवार होता. दुपारची वेळ. जेवणं झाली होती. रस्त्यावर कडक ऊन, माणूस नाही. ट्रक शेडमध्ये उभा, चाकांना दगड लावलेले. ब्रेक ज्या हवेवर चालतात तिच्या टाक्या रिकाम्या केलेल्या. इंजिन बंद, फक्त चावी चालू. जीवन ट्रकखाली झोपून वायर तपासत होता. मी केबिनमध्ये डाव्या सीटवर, स्कॅनर मांडीवर घेऊन.

स्क्रीनवर चालू आकडे दिसत होते. स्पीड शून्य. इंजिनाचे फेरे शून्य. ब्रेक ऑफ.

तेवढ्यात लाईट गेली.

शेडमधला पंखा थांबला. बाजूची पिठाची गिरणी थांबली. समोरच्या टपरीतला रेडिओही बंद पडला.

एकदम सगळं गप्प...

आणि स्क्रीनवर आलं, ब्रेक ऑन.

लगेच ऑफ.

पुन्हा ऑन.

"राही!" खालून जीवन ओरडला. "पाय काढ ब्रेकवरून! मी खाली आहे!"

"अहो, मी डावीकडे बसलेय," मी म्हटलं. "ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नाहीये."



मग जीवन सरपटत बाहेर आला. चेहऱ्यावर तेल, आणि तेलाखाली चेहरा पांढरा.

"मी आवाज ऐकला," तो म्हणाला. "ब्रेक मारल्यावर हवा सुटते तसा. टाक्यांत हवाच न्हाय, राही."

मी स्क्रीनकडे बघितलं.

स्पीड... बारा.

दगड लावलेला ट्रक. जागचा हललेला नाही. आणि स्पीड अठरा. मग पंचवीस. इंजिन बंद, तरी फेरे वाढत होते. मी आकडे मोठ्याने वाचत गेले, रोज वाचते तसे. मला दुसरं काही सुचेना.

"चाळीस. अॅक्सिलरेटर सोडला. ब्रेक ऑन. पंचेचाळीस..."

"ब्रेक ऑन आणि स्पीड वाढतोय?" जीवनने विचारलं.

"हो. ऑफ. ऑन. ऑफ. ऑन. पन्नास. क्लच दाबला. फेरे एकदम चढले, गिअर खाली टाकला वाटतं. ब्रेक ऑन. साठ..."



कुणीतरी ब्रेक मारत होतं. पुन्हा पुन्हा. जीव खाऊन. आणि गाडी थांबत नव्हती.

बासष्ट... सहासष्ट... एकाहत्तर...

शून्य.

सगळे आकडे शून्य.



"स्कॅनर येडा झालाय," जीवन म्हणाला. त्याचं त्यालाच ते पटलं नव्हतं. तो बाहेरून बॅटरीकडे गेला, पाना लावला आणि वायर काढली. स्क्रीनवर लिहून आलं, गाडीशी संपर्क तुटला.

मला हायसं वाटलं. मी स्कॅनर आवरायला घेतला.

आणि आकडे परत सुरू झाले...

बारा. अठरा. पंचवीस.

खिडकीतून मला जीवन दिसत होता. बॅटरीची वायर त्याच्या हातात होती.

आता पुढे काय होणार ते मला माहीत होतं. ब्रेक ऑन, ब्रेक ऑफ. चाळीस. पन्नास. माझे स्वतःचे पाय खालच्या पत्र्यावर दाबले गेले होते, जणू ब्रेक माझ्याच पायाखाली होता.

केबिनमध्ये तंबाखूचा वास आला. आमच्या घरी कोणी तंबाखू खात नाही.

साठ...

आणि माझ्या उजव्या कानापाशी, अगदी जवळ, कुणीतरी धापा टाकत बोललं.

"उतर... उतर तू... उडी मार..."

पुरुषाचा आवाज. जीवनचा नाही.

मी दरवाजा उघडला आणि अक्षरशः खाली पडले. गुडघा फुटला. जीवन धावत आला. माझ्या मागे, रिकाम्या केबिनमधून, लांब फुस्स असा आवाज आला. या वेळी मीही ऐकला.

मग लाईट आली. गिरणी सुरू झाली.

संध्याकाळी तुळशीरामकाकांना बोलावलं. सगळं सांगितलं. त्यांनी आमच्यासमोरच गाडी विकणाऱ्याला फोन लावला. तो आधी उडवाउडवी करत होता. काका चिडले. "माझा पोरगा चालवतो ती गाडी! खरं सांग!"

मग त्याने सांगितलं. पाच-सहा वर्षांपूर्वी हा ट्रक खिंडीत त्याच वळणावर खाली गेला होता. ड्रायव्हर जागीच गेला. रामचंद्र नाव. रेवसकडच्या एका गावातला. चालवताना झोप लागली, असं सगळे म्हणत होते.

जीवनने दुसऱ्या दिवशी ब्रेकचे सगळे पाइप सोडवले. चासीच्या आतल्या बाजूला, हात जेमतेम पोचतो तिथे, एका पाइपला जुना जोड होता. आधी कधीतरी तिथेच फुटलेला. वरून रंग मारलेला. आणि जोडाच्या कडेला लोखंडावर घासून घासून पाइप पुन्हा झिजला होता.

"भरल्या गाडीत उतारावर जोरात ब्रेक मारला असता ना," जीवन म्हणाला, "तर गेला असता अल्पेश."

काका खाली बसले. त्या वळणावर दर वेळी इंजिन मरायचं, म्हणून पोरगा हळू उतरायचा. ते आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं होतं.

मला मात्र राहवेना. मी आणि जीवन रामचंद्रच्या घरी गेलो.

त्याची बायको मैना अंगणात पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत होती. आम्ही कोण ते सांगितलं. स्कॅनर वगैरे तिला काय कळणार, असं मला वाटलं होतं. पण तिने सगळं शांतपणे ऐकलं. हात थांबले नाहीत. फक्त शेवटी तिने मान वर केली.

"म्हंजे ते झोपलं नव्हतं?"

"नाही, ताई," मी म्हटलं. "शेवटपर्यंत ब्रेक मारत होते."

"व्हय?"

"हो. पाइप फुटला होता. त्यांची काहीच चूक नव्हती."

तिच्या हातातली माळ खाली पडली. "माझ्या सासूने मरेपर्यंत त्यांना दोष दिला," ती म्हणाली. "मी सांगायची, ते गाडीवर कधी डोळा मिटत न्हाईत. कुनी ऐकलं न्हाय." आणि मग ती रडली. इतक्या वर्षांचं साठलेलं रडली. मी तिच्या शेजारी बसून राहिले.

निघताना मी विचारलं. विचारायला नको होतं, असं आता वाटतं.

"ताई, त्या दिवशी त्यांच्या सोबत गाडीत कोण होतं?"

"कोन न्हाय," मैना म्हणाली. "एकटंच होतं. पोलिसांनी सगळी दरी बघितली. एकटंच सापडलं."

मी जीवनकडे बघितलं. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

वाटेत रिक्षा-बस चुकलेल्या माणसाला ड्रायव्हर लोक गाडीत घेतात. कुणालाही घेतात. नाव विचारत नाहीत. रामचंद्रने त्या दिवशी कुणाला घेतलं होतं का? की तो माझ्याशीच बोलला?

पाइप बदलल्यापासून तो कोड पुन्हा कधी आला नाही. गाडी उत्तम चालते. पण गेल्या महिन्यात अल्पेश ट्रक घेऊन गॅरेजवर आला. चहा घेतला आणि मग हळूच म्हणाला,

"वहिनी, त्या वळणावर आता डावा दरवाजा उघडतो. आपोआप."

"लॉक बदल की," जीवन म्हणाला.

"बदललं. तरी उघडतो." अल्पेशने कप खाली ठेवला. "आणि दादा... उघडला ना, की गाडी थोडी हलकी होते. कुनीतरी उतरल्यासारखी."

जीवन म्हणाला, कमानपट्ट्यांचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगचा, काहीतरी घोळ असेल, बघू या.

ट्रक दुपारपर्यंत शेडमध्ये उभा होता. मी स्कॅनर लावला नाही.