तीन गाठींची दोरी

माझं लोकरीचं दुकान आहे. गिऱ्हाईक कुठून तरी कापलेला फोटो घेऊन येतं, अगदी असंच हवं म्हणतं, आणि मी मागच्या कपाटातून त्याचा नमुना काढून देते. नमुने शोधण्यात माझा हात कुणी धरणार नाही. एकदाच कुणीतरी नमुना मागितला आणि मी तो शोधला नाही.

धाकट्या बहिणीने मागितला होता. तिला सातवा महिना होता. आई त्याच वर्षी गेली होती, आणि आईच्या वहीत पहिल्याच पानावर तान्ह्या बाळाच्या स्वेटरचा नमुना होता. आम्ही दोघी त्यातच वाढलो.

"ताई, आठ दिवस वही दे. उतरवून घेते."

"सापडत नाही गं," मी म्हणाले. वही कपाटात बटणांच्या डब्याखाली होती.

शेवटची दोन वर्षं आईचं अंथरुणातलं सगळं मी केलं, आणि आईच्या तोंडी नाव मात्र धाकटीचं. एवढं तरी माझं असू दे, असं मला वाटलं. यात मला तेव्हा काही गैर वाटलं नाही.

बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. "तिच्या अंगावर घालायला काही नव्हतं," एवढंच धाकटी म्हणाली आणि तिने माझ्याशी बोलणं टाकलं.

वर्षभराने मी वही काढली, तर पहिल्या पानावर एक दोरी होती. आई कधी टेप वापरत नसे, दोरीला तीन गाठी मारून माप घ्यायची. दोरीच्या टोकापासून पहिली गाठ बाहीची, दुसरी उंचीची, तिसरी छातीची. तिच्यामागे असं माप कुणी घेत नाही. मी टेप लावला. छाती सेहेचाळीस सेंटिमीटर. वर्षाच्या मुलाची असते तेवढी.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मला माझ्या शर्टाचं माप माहीत नाही."

दोरी मी फेकून दिली. पुढच्या वर्षी दुसरी आली, जरा लांब. मी कुलूप बदललं, किल्ली गळ्यात घातली. तरी दर वर्षी थंडी सुरू झाली की एक दोरी असायचीच. मी हिशोबी बाई आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी फक्त मापं लिहून ठेवली. मुलं जशी वाढतात, तशी ती वाढत होती.

यंदा अकरावी दोरी आली. छाती सत्तर. मी धाकटीला फोन केला.

"काय काम आहे?"

"आईची वही माझ्याकडेच होती. तेव्हाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मला माफ कर," मी म्हणाले.

"माफ करणारी मी कोण?" ती म्हणाली. "दोरी जपून ठेव. गाठी सोडू नकोस."

तिने फोन ठेवला. दोरीबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता.

बावीस दिवसांत मी स्वेटर विणला. आईचाच नमुना, टाके वाढवून घेतले. लोकर दुकानातली सगळ्यात मऊ, पिवळी. विणताना अनेकदा रडू आलं, आणि रडताना रागही आला, की एवढ्यासाठी मी अकरा वर्षं घालवली. शेवटचा टाका बंद करून स्वेटर वहीवर ठेवला आणि कुलूप लावलं. आता तरी सुटेन, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आले आणि कपाट उघडलं.

स्वेटर नव्हता.

होती ती त्याची लोकर, पुरती उसवलेली. लोकरीचा नीट गुंडा केला होता, आई करायची तसा, टोक आत खोचून. लोकर नवी राहिली नव्हती. वर्षानुवर्षं घातलेल्या स्वेटरची होते तशी ती विरली होती, तिच्यावर बारीक गोळे आले होते.

शेजारी नवी दोरी होती. मी टेप लावला.

छाती तीस सेंटिमीटर.

पोटातच गेलेल्या बाळाचं माप.

म्हणजे विणायचं पहिल्यापासून. अकराही वर्षांचे स्वेटर.

सुया घ्यायला मी खाली बसले आणि गुंडा उचलून मांडीवर ठेवला. तो गरम होता, नुकताच कुणाच्या तरी अंगावरून काढल्यासारखा.