कडीपर्यंतची पावलं

स्मृतिवेध केंद्राच्या प्रतीक्षाकक्षात रमाकांत तोरसकर आधीच येऊन बसले होते. केतकी भोगटे आत आली तसे ते उठले आणि त्यांनी शर्वी कशी आहे म्हणून विचारलं.

"तीन बोटं कमी आहेत," केतकी म्हणाली. "बाकी मजेत."

तोरसकर खाली बसले. संध्याकाळपर्यंत हा माणूस संपणार होता. केतकीला त्याचा आनंद होत होता, आणि तो लपवावा असं तिला वाटलं नाही.

दोघं बीजकोशात कामाला होते. केतकी संशोधक. तोरसकर शीतकक्षाचे प्रमुख. दुर्मिळ वाणांचं बियाणं तिथं उणे ऐंशी अंशांवर जपलं जाई. दीड वर्षापूर्वी एका मंगळवारी पाळणाघर बंद होतं म्हणून केतकीनं आपल्या चार वर्षांच्या मुलीला, शर्वीला, सोबत आणलं आणि खडू देऊन टेबलाशी बसवलं. शीतकक्षाची कडी कुणीतरी लावायची विसरलं. शर्वी आत गेली, दार मिटलं, आणि तिनं डाव्या हातानं पोलादी फळी घट्ट धरली.

खोट्या चित्रफिती आता कुणीही घरबसल्या बनवत असे, म्हणून न्यायाधिकरण फक्त स्मृतीचा पुरावा मानत होतं. स्मृतिवेध यंत्र आठवणीचा पक्केपणा मोजायचं. चाळीस टक्क्यांखालची साक्ष बाद. गेल्या वर्षी केतकीची साक्ष एकतीसवर अडकली आणि तोरसकर सुटले; पण वर्षभरानं पुन्हा एकदा साक्ष देता येत होती. त्याच आठवड्यात ती हेमलता पाध्ये यांच्याकडे स्मृतिमहालाची कला शिकायला गेली.

कला जुनीच होती. डोळे मिटून फिरता येईल अशी ओळखीची जागा घ्यायची, तिच्यात ठरावीक ठिकाणं नेमायची, लक्षात ठेवायची वस्तू एकेका ठिकाणी ठेवायची आणि मनानं फेरी मारायची. सुरुवातीला किराण्याची यादी. केतकीचा साबुदाणा रोज चौथ्या ठिकाणी हरवायचा.

"वाटीभर ठेवतेस, मग कसा दिसेल?" पाध्येबाई हसायच्या. "ढीग ओत. पाय रुतू देत त्यात. महालात काटकसर चालत नाही, बाई."

महिन्याभरात ती चाळीस वस्तू ओळीनं सांगू लागली. पाध्येबाईंनी विचारलं, महाल म्हणून घर घेतलंस की माहेर? केतकीनं उत्तर टाळलं. तिनं बीजकोशाची मार्गिका घेतली होती. फाटक, नोंदवहीचं टेबल, हातमोज्यांची खुंटी, वाळवणीची खोली आणि शेवटी शीतकक्षाचं दार. त्या दाराशी तिनं तोरसकरांना उभं केलं. कडी न लावता वळताना. अकरा महिने, दिवसातून तीनदा, ती फाटकातून चालत तिथवर जायची आणि त्यांना बघून परतायची. पोळ्या लाटताना जायची, शर्वीला चमचा धरायला शिकवताना जायची. त्यांच्या शर्टाची तिसरी गुंडीसुद्धा आता तिला दिसत होती.

आज केंद्रातल्या डॉ. तहसीन मुजावर यांनी तिच्या डोक्यावर संवेदकटोप बसवला. वीस मिनिटांनी आकडा आला. सत्त्याण्णव.

केतकीनं डोळे मिटून श्वास सोडला. डॉ. मुजावर मात्र पडद्याकडेच बघत होत्या.

"यंदा यंत्रात एक भर पडली आहे," त्या म्हणाल्या. "पाऊलनकाशा. मेंदूतल्या स्थानपेशी जागा ओळखतात हे तुम्हाला माहीत असेल."

केतकीला ते माहीत होतं. माणूस एखाद्या जागी पोचला की त्या जागेची पेशी पेटते, आठवतानाही तीच पेटते.

"पण अरुंद वाटेवर जाताना वेगळ्या पेटतात आणि येताना वेगळ्या. म्हणजे आठवण कुठल्या बाजूनं चालत आली तेही कळतं." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "तोरसकर ज्या आठवणीत आहेत तिचे सुमारे हजार थर आहेत. सगळे फाटकाकडून आत जाणारे. त्या मंगळवारी तुम्ही दारापाशी कुठल्या बाजूनं आलात?"

केतकी पडद्यावर वाकली.

हजार निळ्या रेषांच्या खाली एक बारीक करडी रेष होती. ती शीतकक्षाच्या आतून निघून बाहेर येत होती. डॉ. मुजावर यांनी सांगितलं की गेल्या वर्षी एकतीस टक्के मोजली गेली ती हीच. तेव्हा फक्त पक्केपणा मोजला जाई, दिशा किंवा सोबतच्या खुणा कळत नसत. आता ती एकोणीसवर आली होती. तिच्यासोबत बोटांतला गारठा नोंदला होता, दोन्ही हातांतल्या बियाण्याच्या तबकाचं वजन होतं, कोपरानं दार ढकलल्याची कळ होती. दाराशी दुसरं कुणी नव्हतं.

"तबक ठेवून परत येणार होते," केतकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आला. "कडी लावायला. मग शर्वीनं चित्र दाखवायला हाक मारली."

डॉ. मुजावर यांनी साक्षपत्र तिच्यासमोर ठेवलं. मग त्यांनी कायदा सांगितला. न्यायाधिकरण फक्त चाळीसच्या वरची आठवण बघतं, दिशा बघत नाही. सत्त्याण्णववाल्या साक्षीवर केतकीची सही झाली की तोरसकरांना तीन वर्षं. करडी रेष कागदावर येणारच नाही.

"सही करायची तर आजच करा," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही तिच्याकडे पुन्हा पुन्हा जाल. महिन्याभरानं ती एकोणीसवर राहणार नाही."

काचेपलीकडे तोरसकर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. दीड वर्षात केतकीनं त्यांना एक दिवसही मनातून सुटू दिलं नव्हतं. ज्यानं शर्वीची बोटं घेतली त्याला सोडणार नाही, अशी तिनं स्वतःशी शपथ घेतली होती, आणि ती शपथ अजून तशीच होती, तेवढीच गरम. फक्त माणूस बदलला होता.

तिनं साक्षपत्र उलटं करून ठेवलं.

"रोज तीनदा आतून बाहेर चालले," तिनं विचारलं, "तर चाळीसवर यायला किती दिवस लागतील?"