पलंगाखालची गोष्ट

प्रकाशकांचा फोन आला तेव्हा इन्स्पेक्टरबाईंना आधी हसूच आलं. नऊ वर्षांच्या लेखिकेची हस्तलिखित पानं चोरीला गेली म्हणे! पण संध्याकाळी पुस्तकाचं प्रकाशन होतं, ती पानं सभागृहात काचेखाली मांडायची होती, आणि प्रकाशकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

प्रकाशकांच्या कार्यालयात पानं ठेवलेल्या कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली संपादिकेकडे असायची. मुलगी तिला ताई म्हणे. महिनाभर तीच मुलीकडून भाषण पाठ करून घेत होती. काल मुलीचे बाबा पानं परत मागायला आले, आपण क्षणभर बाहेर गेलो आणि किल्ली कपाटालाच राहिली, असं तिने सांगितलं. झालं, सगळ्यांनी बाबांना चोर ठरवून टाकलं.

बाबा बाहेर बाकावर मुलीला घेऊन बसले होते.

"मी नेली असती तर हिला दिली नसती का?" ते म्हणाले. "रोज जीव खाते माझा. आजोबा त्या पानांतच राहिलेत म्हणते."

मुलगी बुटाच्या नाडीशी चाळा करत होती.

बाईंनी छापील पुस्तक उघडलं. मजकूर दात किडतील इतका गोड होता: आजोबा फुलपाखरावर बसतात आणि बागेवरून उडत जातात. चित्रांत मात्र बागेचा पत्ताच नव्हता. पलंगाची खालची बाजू, मोठ्या माणसांचे नुसते पाय, आणि शेवटच्या पानावर वरून लोंबणारा एक हात. इथेच पाणी मुरत होतं.

त्यांनी चित्रकाराला फोन लावला.

"चित्रं कशावरून काढलीत?"

"मुलीच्या पानांवरून. इथे चित्रं आधी होतात, मजकुरावर शेवटचा हात नंतर फिरतो."

"मग फुलपाखरू का नाही काढलंत?"

"कुठलं फुलपाखरू?"

बाईंनी प्रकाशकांसमोरच संपादिकेला बसवलं.

"पानं कुठे आहेत?"

"सांगितलं ना, तिच्या बाबांनी..."

"त्यांनी नेली असती तर ती आत्ता मुलीच्या हातात दिसली असती. आजोबा गेले तेव्हा मुलगी घाबरून पलंगाखाली शिरली होती. तिथून दिसलं ते तिने लिहिलं. तुम्ही ते बदललंत. चित्रं आधीच झाली होती, ती तशीच राहिली. आज पानं काचेखाली गेली असती तर पहिल्याच पाहुण्याला सगळं कळलं असतं. ती नाहीशी होणं इथे एकट्या तुमच्याच सोयीचं होतं."

संपादिकेने मान खाली घातली नाही. पानं आपण कालच कागद फाडायच्या मशीनमध्ये घातली, असं तिने सरळ सांगितलं.

"मुलांच्या पुस्तकात प्रेत कोण विकत घेईल?" ती म्हणाली. "मी तिला फक्त लहान मुलासारखं बोलायला शिकवलं."

दुसरी प्रत नव्हती. प्रकाशकांनी घड्याळ पाहिलं आणि पाहुणे यायला लागतील, असं पुटपुटले. कार्यक्रम ठरल्याप्रमाणेच होणार होता. बाईंना त्यांची शिसारी आली.

त्या बाहेर येऊन मुलीसमोर खाली बसल्या आणि पेन उघडलं. पानं फाटली तरी गोष्ट पुन्हा लिहिता येईल, एवढीच आशा उरली होती.

"पलंगाखालून काय दिसत होतं, मला सांगशील?"

मुलगी उठली, हात मागे बांधून सरळ उभी राहिली. "एक सुंदर फुलपाखरू."

"आणि आजोबांचा हात?"

तिने बाबांकडे पाहिलं. बराच वेळ आठवून पाहिलं.

"हात नव्हता," ती म्हणाली. "ताईने सांगितलंय."