गेणबाचा लाल कंदील

सन १९६१, फेब्रुवारी. रात्रीचे साडेअकरा. पौडच्या पुढचा, ओढ्यावरचा पूल.

हसू नका, पोरांनो. ज्याच्यावर गुदरलं तो जयसिंग ड्रायव्हर माझ्या चांगल्या ओळखीचा.

आदल्या वर्षी त्या पुलाची एक बाजू खचली होती. एका वेळी एकच गाडी जायची. रात्री पुलावरचा राखणदार गेणबा कंदील घेऊन उभा असे. लाल काच दिसली की थांबायचं, हिरवी दिसली की निघायचं. पण ताम्हिणीकडून कोळसा आणणाऱ्या ड्रायव्हरांचा एक रिवाज होता. रात्री रस्त्यात दिवा दिसला, तर भुताटकी समजायची आणि थांबायचं नाही. त्याच वर्षी एका रात्री जयसिंगने तेच केलं. गेणबा ट्रकखाली जागीच गेला.

कोर्टात मात्र जयसिंग म्हणाला, दिवा विझलेला होता. म्हणजे गेणबा झोपला, चूक गेणबाची! जयसिंग निर्दोष सुटला. कोर्टाच्या पायरीवर गेणबाच्या बायकोने, साळूबाईने, त्याला अडवलं. "मेलेल्या मानसाला झोपाळू म्हंतोस व्हय रं? एकदा तरी खरं बोल."

तो तिला वळसा घालून पायऱ्या उतरला.

त्यानंतर महिन्याभराने ही फेब्रुवारीतली रात्र. पूल दुरुस्त झालेला. ट्रकमध्ये जयसिंग आणि क्लीनर नबीलाल.

पुढे लाल दिवा.

"थांब, जयसिंग."

"हितलं काम कवाच संपलंय. कोन येडं उभं हाय?"

"म्हनूनच म्हंतोय, थांब!"

जयसिंगने वेग वाढवला. दिवा पुढे सरकला. तेवढंच अंतर राखून...

ब्रेक. दिवाही थांबला.

"हिरवा दाव की, गेणबा..."

दिवा लालच. ओढ्याचं पाणीसुद्धा ऐकू येईना.

जयसिंग उतरला. हात जोडले. "पेटलेला हुता... म्या बघितला हुता..."

दिवा विझला.

सकाळी दोघं पौडच्या ठाण्यात. नबीलालने मलाही बोलावून घेतलं. सगळं ऐकून हवालदार हसला. "आता काय उपेग? कोर्टानं सोडलंय. त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा न्हाई." असा आपला कायदा! मारणारा मोकळा, आणि मेलेल्यावरचा डाग कायम. मी भांडलो. साहेबांपर्यंत जाईन म्हणालो.

"पेटलेला हुता म्हनं! ह्यो बघा तुमचा दिवा." हवालदाराने चिडून मुद्देमालाचं गोणपाट ओढलं, लाखेचं सील माझ्यासमोर तोडलं, आतल्या गेणबाच्या कंदिलाला हात घातला.

आणि ओरडला.

माझा पहिला संशय त्याच्यावरच गेला. रात्री ठाण्यात वापरला असेल. पण सील वर्षभरापूर्वीचं होतं. अखंड.

त्याच्या बोटांवरचे फोड मी पाहिले. ती लाल काच कशाने तापली, हे आजवर मला ना पोलिसांनी सांगितलं, ना कोर्टाने.